अकाली हरपलेले छत्र : पती आणि पिता राजर्षी शाहू

वसतिगृहात राहून शिकलेल्या माणसाला तेथला पहिला दिवस कधी विसरता येत नाही. हातात पत्र्याची पेटी, काखेत वळकटी, सोबत दारापर्यंत पोहोचवायला आलेला बाप. तो जाताना मागे वळून पाहत नाही, कारण वळला तर मुलाला परत घेऊन जाईल अशी भीती त्याला स्वतःलाच वाटत असते. त्या रात्री अनोळखी छताखाली झोपताना मुलाला एकच प्रश्न पडलेला असतो : आता आपले कोण? हळूहळू त्याला उत्तर मिळते. शिक्षक आपले होतात, शेजारच्या खाटेवरचा मुलगा आपला होतो आणि ते छत आपले घर होते.

गोरगरिबांच्या आणि गावकुसाबाहेरच्या मुलांनी घर सोडून शिकायला जावे, त्यांच्यासाठी कोणीतरी परगावी भाकरीची आणि निवाऱ्याची सोय करावी, ही वाट महाराष्ट्रात ज्यांनी रुंद केली त्यांत कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांचे नाव अग्रभागी आहे. आरक्षणाचे जनक, सक्तीच्या शिक्षणाचे पुरस्कर्ते, बाबासाहेबांचे पाठीराखे म्हणून त्यांचा गौरव आपण दर वर्षी ऐकतो आणि तो यथार्थच आहे. परंतु या लोकराजाला एक घर होते. त्या घरात एक पत्नी होती, लेकी-लेक होते, एक कोवळ्या वयाची सूनबाई होती. पती, पिता आणि सासरा या नात्यांनी हा माणूस कसा जगला, कशाने पोळला, आणि घरातले दुःख त्याने कोठे नेऊन ठेवले, याचा विचार आपण क्वचितच करतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो करण्याचा हा अल्प प्रयत्न.

पोरकेपणाची शिदोरी

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. जन्मनाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे आणि आई राधाबाई या मुधोळच्या राजघराण्यातील. यशवंतराव अवघे तीन वर्षांचे असताना १८७७ मध्ये आईचे छत्र हरपले. आई गेल्यावर आबासाहेबांनी यशवंतराव आणि धाकटे पिराजीराव ऊर्फ बापूसाहेब या दोघा भावंडांना सांभाळले. पण तेही सुख फार दिवस लाभायचे नव्हते.

कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगर येथे निवर्तले. त्यांना अपत्य नव्हते. १७ मार्च १८८४ रोजी महाराणी आनंदीबाईंनी कागलच्या यशवंतरावाला दत्तक घेतले, आणि दहा वर्षांचाही नसलेला तो मुलगा कोल्हापूरचा शाहू छत्रपती झाला. नाव बदलले, घर बदलले, आई-वडीलही कागदोपत्री बदलले. दत्तकविधानाला दोन वर्षे होतात न होतात तोच, १८८६ च्या मार्चमध्ये आबासाहेबही गेले. बाराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर हा बालराजा खऱ्या अर्थाने पोरका झाला.

पुढे राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाड येथे फ्रेझर साहेबांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. म्हणजे शाहू महाराज स्वतःही घर सोडून परगावी शिकलेले विद्यार्थी होते. त्यांच्या दिमतीला नोकरचाकर होते, हे खरे. पण आई नसलेल्या मुलाला संध्याकाळ कशी वाटते, हे नोकरचाकरांच्या संख्येवर अवलंबून नसते. पुढे वसतिगृहांसाठी ज्या हाताने त्यांनी जमिनी, इमारती आणि पैसा दिला, त्या हाताला हे पोरकेपण ठाऊक होते.

संसार

१ एप्रिल १८९१ रोजी बडोद्याच्या गुणाजीराव खानविलकर यांच्या कन्या लक्ष्मीबाई यांच्याशी महाराजांचा विवाह झाला. वर सतरा वर्षांचाही नव्हता आणि वधू तर अगदीच लहान होती. तो काळच तसा होता. पुढे ज्यांनी स्त्रियांच्या बाजूने कायदे केले, त्यांच्या स्वतःच्या घरातील लग्ने मात्र त्या काळच्या चालीनेच झाली, ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. थोर माणसेही आपल्या काळाच्या मातीतूनच उगवतात. त्यांचे थोरपण त्या मातीबाहेर त्यांनी किती मान वर काढली यावरून मोजायचे असते.

२ एप्रिल १८९४ रोजी महाराजांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. त्याच्या काही दिवस आधी, १८९४ च्या मार्चमध्ये, राजवाड्यात कन्येचा जन्म झाला होता. महाराजांनी तिला आपल्या दिवंगत आईचे नाव दिले : राधाबाई. घरात तिला सारे आक्कासाहेब म्हणत. ज्या आईला त्यांनी जेमतेम पाहिले होते, तिला हाक मारण्याची सोय त्यांनी अशा रीतीने आपल्या लेकीच्या नावात करून घेतली. ३१ जुलै १८९७ रोजी युवराज राजाराम जन्मले आणि १५ एप्रिल १८९९ रोजी धाकटे शिवाजी. या दोघांना महाराजांनी शिक्षणासाठी आधी इंग्लंडला आणि पुढे अलाहाबादला पाठवले. आपले मुलगे केवळ गादीवर बसणारे राजपुत्र न होता जग पाहिलेले, शेतीभाती समजणारे तरुण व्हावेत, ही त्यामागची दृष्टी होती.

त्या काळी राजेरजवाड्यांच्या घरात अनेक राण्या असणे हे वैभवाचे लक्षण मानले जाई. शाहू महाराजांचा संसार मात्र लक्ष्मीबाईंशी एकनिष्ठ राहिला. दोघांचे सगळेच जुळत होते असे नाही. लक्ष्मीबाई जुन्या वळणाच्या, देवधर्माच्या रीतींना जपणाऱ्या. महाराज मात्र एकेक रूढी उलटसुलट करून पाहणारे. १८९९ च्या वेदोक्त प्रकरणात, छत्रपतींच्या घरीही पुरोहित पुराणोक्त मंत्रच म्हणणार असा वाद पेटला, तेव्हा त्याचे चटके राजवाड्यातील प्रत्येकाला बसले. पुरोहितांच्या बहिष्कारापासून वर्तमानपत्रांतील टीकेपर्यंत सारे वार झेलणाऱ्या पतीच्या पाठीशी उभे राहणे लक्ष्मीबाईंना सोपे गेले नसेल. तरीही त्या उभ्या राहिल्या.

पाण्याला आणि गावाला दिलेली नावे

माणूस आपल्या प्रेमाच्या माणसांची आठवण कशी ठेवतो यावरून त्याची पारख होते. राजेलोक महाल बांधतात, छत्र्या उभारतात, संगमरवरावर नावे कोरतात. शाहू महाराजांनी काय केले?

१८९६-९७ च्या दुष्काळाने आणि पाठोपाठ आलेल्या प्लेगने तरुण राजाला हलवून सोडले होते. दुष्काळात त्यांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, रस्त्या-विहिरींची कामे काढली, निराधारांसाठी आश्रम काढले. कामावर येणाऱ्या मजूर बायांच्या तान्ह्या मुलांना सांभाळण्याचीही सोय केली. पण दर दुष्काळात धान्य वाटत बसणे हा उपाय नव्हे, पाणी अडवले पाहिजे, हे त्यांच्या मनाने घेतले. त्यातून भोगावती नदीवरच्या मोठ्या धरणाची योजना जन्माला आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एका लहानशा संस्थानाने असे धरण स्वबळावर हाती घेणे हे धाडसच होते.

त्या धरणाच्या जलाशयाला त्यांनी पत्नीचे नाव दिले : महाराणी लक्ष्मीबाई तलाव. आणि त्या परिसरात वसवलेल्या गावाला लेकीचे नाव दिले : राधानगरी. वडील जयसिंगरावांच्या नावाने त्यांनी जयसिंगपूर ही व्यापारी पेठ वसवली. पत्नीचे नाव पाण्याला, लेकीचे नाव गावाला, बापाचे नाव बाजारपेठेला. या नावांच्या आधाराने आजही शेते भिजतात, एस.टी. धावते, माणसे पोट भरतात. पैशाची ओढाताण आणि महायुद्धाचा काळ यांमुळे धरणाचे काम महाराजांच्या हयातीत पुरे झाले नाही, ते स्वातंत्र्यानंतर पूर्णत्वास गेले. आज कोल्हापूर जिल्ह्यातील ऊसवाला शेतकरी राधानगरीचे नाव घेतो, तेव्हा एका बापाने आपल्या लेकीला मारलेली हाकच तो नकळत पुन्हा मारत असतो.

या लेकीच्या वाट्याला मात्र सुख थोडेच आले. १९०८ मध्ये आक्कासाहेबांचा विवाह देवासच्या थोरल्या पातीचे राजे तुकोजीराव पवार यांच्याशी झाला. मुलगा झाला, पण संसार टिकला नाही, आणि आक्कासाहेब कोल्हापूरला माहेरी आल्या. राजाची लेक असली तरी सासर तुटलेल्या बाईचे दुःख तेच असते. बापाने ते आपल्या घरात, आपल्या डोळ्यांनी पाहिले. १९१९ मध्ये घरात होणाऱ्या छळापासून स्त्रियांचे रक्षण करणारा कायदा आणि काडीमोडासंबंधीचा कायदा कोल्हापूर संस्थानात आला, त्या वेळी तो करणारा राजा अशा एका लेकीचा बाप होता, हे लक्षात ठेवले पाहिजे.

परक्यांच्या लेकरांचा बाप

घरातल्या मुलांचे करता करता महाराज घराबाहेरच्या मुलांचेही पालक झाले. १८९६ मध्ये राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींचे एकत्र वसतिगृह चालवून पाहिले गेले, पण व्यवहारात त्याचा लाभ वरच्या जातीच्या मुलांनाच मिळू लागला. तेव्हा महाराजांनी दिशा बदलली. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. मग जैन, मुसलमान, लिंगायत, शिंपी, सारस्वत अशा एकेका समाजाची वसतिगृहे निघत गेली. महाराज जागा देत, इमारतीला रक्कम देत, कायमचे उत्पन्न लावून देत, आणि कारभार त्या त्या समाजाच्या जाणत्या माणसांवर सोपवत. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. मुंबईच्या तत्कालीन गव्हर्नरांच्या कन्येचे नाव त्याला दिले होते. कोल्हापुरास विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नव्हे.

या वसतिगृहांतून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांना पुढे वाव कोठे, हा प्रश्नही त्यांनी आधीच सोडवला होता. सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी १९०२ मध्ये महाराज इंग्लंडला गेले होते. तेथून त्यांनी हुकूम काढला आणि २६ जुलै १९०२ रोजी तो संस्थानच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला : संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी किमान पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांनी भराव्यात. ज्या पित्याने मुलाला शाळेत घातले, त्यानेच त्याच्या हाताला कामही लावून दिले.

१९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला. पुढे १९१९ मध्ये अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांच्या बरोबरीने एकाच शाळेत बसवण्याचे हुकूम निघाले. वेगळी पाटी, वेगळा कोपरा, वेगळा माठ यांनी ज्यांचे बालपण करपले, त्या समाजाला या हुकुमाचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

१२ जून १९१८

१९१७ आणि १९१८ ही दोन वर्षे महाराजांच्या घरात लग्नकार्यांची होती. ६ जून १९१७ रोजी धाकटे राजपुत्र शिवाजी यांचा विवाह सासवडच्या जगताप घराण्यातील जमनाबाईंशी झाला. सासरी त्यांचे नाव इंदुमती ठेवण्यात आले. त्यांचा जन्म १९०६ च्या डिसेंबरातला, म्हणजे लग्नात नवरी अकरा वर्षांचीही नव्हती. १९१८ च्या एप्रिलमध्ये युवराज राजाराम यांचा विवाह सयाजीराव गायकवाडांची नात ताराबाई यांच्याशी झाला. दोन सुना घरात आल्या. चव्वेचाळिशीच्या आत-बाहेर असलेल्या या गृहस्थाचे घर भरून गेले होते.

आणि १२ जून १९१८ रोजी, धाकट्या लग्नाला जेमतेम वर्ष होत असताना, रानडुकराच्या शिकारीत राजपुत्र शिवाजी घोड्यावरून पडले आणि गेले. वय वर्षे एकोणीस.

महाराज स्वतः अव्वल शिकारी. घोडा, भाला, चित्ते, हत्ती, कुस्ती यांत रमणारा हा धिप्पाड पुरुष. त्याच शिकारीने त्यांचा मुलगा नेला. पुत्राच्या मृत्यूने बाप आतून मोडतो, तो राजा असो की मजूर. ज्यांनी त्या काळातले महाराज पाहिले त्यांना ते खचलेले दिसले. प्रकृती आधीच बिघडू लागली होती. मधुमेह आणि हृदयविकार यांनी त्यांना घेरले होते. या आघातानंतर ते पूर्वीचे राहिले नाहीत.

पण येथेच या माणसाचे वेगळेपण दिसते. दुःख झाले म्हणून त्यांनी दार लावून घेतले नाही. ज्या १९१८ मध्ये मुलगा गेला, त्याच वर्षी महार वतनाच्या जोखडातून माणसे मोकळी करण्याचे हुकूम निघाले. वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात गावाची वेठबिगार पिढ्यान् पिढ्या करणाऱ्या कुटुंबांना ती जमीन स्वतःच्या नावे मिळण्याचा मार्ग खुला झाला. गुन्हेगार ठरवलेल्या जातींच्या माणसांना रोज चावडीवर द्यावी लागणारी हजेरी त्याच वर्षी बंद झाली. आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदाही त्याच वर्षीचा. १९१८ च्या अखेरीस नवसारी येथील आर्यधर्म परिषदेचे अध्यक्षस्थान स्वीकारायला ते गेले, तेव्हा काळजातली जखम ओलीच होती.

मुलाच्या नावाने त्यांनी काय केले? पुन्हा एक वसतिगृह. प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग या नावाने कोल्हापुरात उभी राहिलेली संस्था ही त्या एकोणीस वर्षांच्या मुलाची समाधी आहे. पण ही समाधी गजबजलेली असते. तेथे ताटे वाजतात, पोरे पाठांतर करतात, परीक्षेच्या रात्री दिवे जळतात. आपला एक मुलगा गेला, तेव्हा या बापाने दुसऱ्यांच्या शेकडो मुलांसाठी त्याच्या नावाचे दार उघडून ठेवले.

सूनबाईंची शाळा

मृत्यूने मुलगा नेला आणि घरात एक प्रश्न ठेवला. अकरा वर्षांची इंदुमती विधवा झाली होती. राजघराण्यातील विधवेचे आयुष्य ठरलेले असे : वाड्याचा आतला चौक, पडदा, व्रतवैकल्ये, आणि उरलेली पन्नास-साठ वर्षे. आदल्याच वर्षी, १९१७ मध्ये, महाराजांनी विधवा पुनर्विवाहास कायदेशीर मान्यता दिली होती. पण राजघराण्याच्या रूढीपुढे तो कायदा या मुलीच्या कामी आला नाही. ही त्या काळाची मर्यादा होती, आणि महाराजांचीही म्हणावी लागेल.

मात्र त्यांनी या मुलीसाठी दुसरे दार शोधले. सूनबाई शिकणार, असे त्यांनी ठरवले. राजवाड्यातील जुन्या वळणाच्या मंडळींना हे रुचले नाही. विधवा सुनेने पुस्तके घेऊन बसावे, मास्तरांपुढे शिकावे, ही कल्पनाच त्यांना सोसवेना. घरात विरोध वाढला तेव्हा महाराजांनी वाद घालत न बसता सूनबाईंचा मुक्काम कोल्हापूरजवळच्या सोनतळी येथील आपल्या कॅम्पवर हलवला. तेथे त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था लावून दिली. एकटी मुलगी उदास होईल म्हणून तिच्या वयाच्या, निरनिराळ्या जातींच्या मुली सोबतीला आणल्या. त्या तिच्याबरोबर शिकत आणि तिच्याबरोबर राहत. म्हणजे सोनतळी ही एका अर्थाने सासऱ्याने सुनेसाठी काढलेली निवासी शाळाच होती, आणि तीही जातिभेदाच्या भिंतीवाचून.

राज्याच्या कारभारातून वेळ काढून महाराज तिच्या अभ्यासाची जातीने चौकशी करीत. ज्या राजाने कृष्णाबाई केळवकरांसारख्या बुद्धिमान स्त्रीला वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी पाठवून कोल्हापूरच्या इस्पितळात सन्मानाने काम दिले होते, त्याच्या मनात आपली सून डॉक्टर व्हावी असे होते. विधवेचे तोंड पाहणे अशुभ मानणाऱ्या समाजात, आजारी माणसाने जिच्या हातची नाडीपरीक्षा मागावी अशा जागी तिला बसवण्याचे हे स्वप्न होते.

मुलासाठी रडणारे सासरे पुष्कळ असतात. मुलाच्या मागे राहिलेल्या मुलीचे आयुष्य हे आपले उत्तरदायित्व मानणारे थोडे. शाहू महाराजांच्या पितृत्वाची खरी कसोटी सोनतळीच्या त्या लहानशा वर्गात लागली, आणि तेथे ते उतरले.

थोरले भाऊपण

या शेवटच्या वर्षांतच महाराजांची आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भेट झाली. परदेशातून उच्च विद्या घेऊन आलेला हा तरुण मुंबईत परळच्या चाळीत राहत होता. कोल्हापूरचे छत्रपती स्वतः त्या चाळीत त्यांना भेटायला गेले. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या 'मूकनायक' पाक्षिकाला त्यांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. महाराज तेथे गेले आणि अस्पृश्य समाजाला त्यांचा खरा पुढारी लाभला आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. बाबासाहेब त्या वेळी एकोणतीस वर्षांचेही नव्हते. त्याच वर्षीच्या मे अखेरीस नागपूरला बहिष्कृत समाजाची परिषद झाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी भूषवले.

मुलगा गमावून दोन वर्षेही झाली नव्हती. अशा वेळी एका तरुणाच्या खांद्यावर हात ठेवून, हा तुमचा, याच्या मागे जा, असे भर सभेत सांगण्याला किती मोठे मन लागत असेल! राजाचे आयुष्य आपल्या वारसाची वाट निष्कंटक करण्यात जाते. शाहू महाराजांनी मात्र रक्ताचे नाते नसलेल्या, गादीशी संबंध नसलेल्या एका माणसाला समाजाच्या पुढारपणाचा वारसा देऊ केला. इतिहासाने त्यांची निवड खरी ठरवली.

याच काळात कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी काढलेल्या चहाच्या दुकानाची गोष्ट घडली. दलित माणसाच्या हातचा चहा कोणी घेईना, तेव्हा महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजू लागले. ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते, म्हणून तिचा विस्तार येथे करीत नाही. एवढेच म्हणावेसे वाटते की घरातील कर्ता पुरुष ज्याच्या हातचे खातो, त्याला घरात परका कोणी म्हणू शकत नाही.

पन्हाळा लॉज

६ मे १९२२ रोजी मुंबईत, खेतवाडीतील पन्हाळा लॉज या निवासस्थानी, हृदयविकाराने शाहू महाराजांचे निधन झाले. सत्तेचाळीस वर्षे आणि काही महिने एवढेच आयुष्य. सव्वीस जूनला अठ्ठेचाळीस पुरी झाली असती. आजच्या हिशेबाने हे कामातले ऐन उमेदीचे वय. या वयात माणसे मुलांची शिक्षणे मार्गी लावतात आणि आता थोडे निवांत होऊ म्हणतात.

मागे महाराणी लक्ष्मीबाई राहिल्या. बालवयात ज्यांचा हात धरून कोल्हापूरला आल्या, ज्यांच्याबरोबर सिंहासन आणि बहिष्कार दोन्ही सोसले, त्यांच्याशिवाय त्यांना पुढची दोन दशकांहून अधिक वर्षे काढावी लागली. चोवीस वर्षांचे राजाराम गादीवर आले आणि पित्याची शैक्षणिक परंपरा त्यांनी यथाशक्ती पुढे चालवली. आयुष्याने त्यांनाही फार दिले नाही. १९४० मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, तेही मुंबईतच निवर्तले. माहेरी आलेल्या आक्कासाहेब राधाबाई बापाचे छत्र गमावून बसल्या. पुढे त्यांचेच चिरंजीव विक्रमसिंहराव १९४७ मध्ये दत्तक जाऊन शहाजी छत्रपती या नावाने कोल्हापूरच्या गादीवर आले. ज्या लेकीच्या संसाराने बापाला झोप दिली नाही, तिच्याच मुलाकडे त्याचे घर आले.

आणि सोनतळीवर पंधरा वर्षांची सूनबाई होती, पुस्तक अर्धे उघडे ठेवून. डॉक्टर होण्याचे स्वप्न सासऱ्याबरोबरच गेले. पण शिकण्याची वाट तिने सोडली नाही. इंदुमतीदेवींनी पुढे कोल्हापुरात स्त्रियांच्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी काम केले, आणि १९७१ पर्यंतचे आपले दीर्घ आयुष्य वाड्याच्या आतल्या चौकात कोमेजू दिले नाही. महाराजांनी लावलेल्या असंख्य रोपांपैकी हे एक रोप त्यांच्या अगदी अंगणातले होते, आणि ते जगले.

ऋण

मुलांचा बाप लवकर जातो तेव्हा शेजारपाजारचे लोक म्हणतात की पोरांचे छत्र गेले. १९२२ च्या त्या मे महिन्यात हे शब्द कोल्हापूरच्या राजवाड्यात उच्चारले गेले असतील, तसेच मिस क्लार्क वसतिगृहातही उच्चारले गेले असतील, आणि सक्तीच्या शाळेत पहिल्यांदा पाटी घेऊन बसलेल्या मुलांच्या झोपडीतही. एकाच माणसाच्या जाण्याने इतक्या घरांत पोरकेपण यावे, यापेक्षा त्याच्या पितृत्वाचा दुसरा पुरावा कोणता?

छत गेले तरी त्याने बांधलेली घरे उभी राहिली. ज्या मुलाने आईबापाविना संध्याकाळी घालवल्या, त्याने हजारो मुलांच्या संध्याकाळी उजळल्या. आपल्या संस्थेच्या आवारात आज जेवणाची घंटा होते, लहान मुले रांगेत ताट घेऊन उभी राहतात आणि त्यांना कोणी जात विचारत नाही, तेव्हा त्या रांगेच्या मागे कोठेतरी सोनतळीचा तो वर्ग उभा असतो.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती करून हे लिखाण थांबवतो. शाहू महाराजांची जयंती आपण उत्साहाने करतो. त्यांचा ६ मे हा स्मृतिदिन मात्र शाळांच्या सुट्टीत येतो आणि निघून जातो. त्या दिवशी आपापल्या घरात मुलांना जवळ बसवून त्यांना या बापाची गोष्ट सांगावी. आणि आपल्या गावात, आपल्या नात्यात, अकाली पती गमावलेली एखादी तरुण सून, किंवा बाप नसलेले एखादे मूल असेल, तर त्याच्या शिक्षणाची चौकशी करून यावी. पत्नीचे नाव पाण्याला, लेकीचे नाव गावाला आणि मुलाचे नाव वसतिगृहाला देणाऱ्या माणसाचे स्मरण याहून चांगल्या रीतीने होणार नाही.

राजर्षी शाहू छत्रपतींच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.